बस्त्यावच्या मशीनमधला सिलिंडर

दुपारचं जेवण झालंय. पडवीत गोणपाटावर बस्त्यावची मशीन उघडून ठेवलीये आणि तिच्या शेजारी चटईवर मी आडवा झालोय. आत माझी बायको वासंती भांडी घासतेय. तो आवाज जवळ येतो, लांब जातो, मग माडाच्या झावळ्यांच्या सळसळीत मिसळतो. मला झोपायचं नाहीये. सकाळपासून जो संताप अंगात साचलाय, तो झोपेत विरून जाईल अशी भीती वाटते. पण पापण्या ऐकत नाहीत.

मशीन म्हणजे झाडं कापायची चेनसॉ. बस्त्याव लोबो महिन्यापूर्वी वारला. माझ्याहून आठ वर्षांनी मोठा, पण आमच्यात अरेतुरेच चालायचं. बारा वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी मिळून एका लाकूड ठेकेदाराकडून एकाच बनावटीच्या दोन जुन्या मशीन आणल्या होत्या. इतक्या जुन्या, की किंजळाच्या ओंडक्यात मध्यापर्यंत गेल्या की धापा टाकायच्या. त्या घरीच सुधारायच्या असं बस्त्यावच्या डोक्यात आलं. पावसाळ्यात कापणी बंद असते, तेव्हा त्याच्या खोपीत बसून आम्ही इंजिनं उघडली. धूर बाहेर पडायचं भोक घासून मोठं केलं, सायलेन्सर मोकळा केला, दाब वाढावा म्हणून सिलिंडरखालची पॅकिंग पातळ घातली. एक सिलिंडर त्याने घासला, एक मी.

या कामात सगळा जीव कडेत असतो. भोक मोठं केलं की त्याची धार गोल करून घ्यावी लागते. ती तशीच राहिली तर पिस्टनवरची रिंग तिथे अडकते आणि एक दिवस तुटते. मी त्या कडेवर आठ दिवस घालवले. शेवटी हात फिरवला तर बोटाला काहीच लागेना. मग पॅकिंगखाली, कुणाला कधी दिसणार नाही अशा जागी, खिळ्याने एक बारीक 'स' कोरला. सगुणचा स. हौस, दुसरं काय.

पहिली दोरी ओढली तेव्हा माझी मशीन अशी उठली की वासंती शेजारच्या वाडीतून बघायला आली. बस्त्यावची खोकत राहिली. तो हसला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. त्याच आठवड्यात मी मामाकडच्या लग्नाला चार दिवस गेलो. मशीन त्याच्या खोपीतच होती. परत आल्यावर ती जरा जड वाटली. "घासलेला इंजिन बसूक वेळ घेता," बस्त्याव म्हणाला. मी मानलं. त्याचं मी सगळंच मानायचो.

पंधरा दिवसांनी ती ऐनाच्या खोडात अर्ध्यावर जाम झाली. मशीन खोडात अडकलेली, झाड ना उभं ना पडलेलं. मी ती सोडवायला वाकलो तेवढ्यात वारा आला, झाड फिरलं, आणि माझा डावा पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला.

बस्त्याव हॉस्पिटलात रोज यायचा. एकदा उघडलेलं इंजिन फडक्यात गुंडाळून घेऊन आला. रिंग तुटलेली, सिलिंडरच्या आत खोल ओरखडे. "कडेन रिंग खाल्ल्यान," तो म्हणाला. मी पायाच्या कळांनी अर्धा मेलेला. म्हणालो, "माझीच कड ऱ्हवली आसतली." त्याने इंजिन परत फडक्यात गुंडाळलं. मग म्हणाला, "होता असा."

त्यानंतर मी बारीक काम सोडलं. पिठाची गिरणी घातली. कुणी पंप दुरुस्तीला आणला तरी परत पाठवायचो, माझ्या हाताचं काही खरं नाही म्हणायचो. बस्त्यावची मशीन मात्र पंचक्रोशीत नावाजली. मोठं वादळ झालं तेव्हा घाटातला रस्ता तिने मोकळा केला. गावाने त्याला शाल दिली.

काल त्याची बायको, रोजीनवहिनी, रिक्षातून मशीन घेऊन आली. "तुझ्याकडेच ऱ्हवांदे. माका ती घरात बघवना नाय." आज सकाळी साफ करायला म्हणून मी ती उघडली, सिलिंडर उलटा केला, आणि पॅकिंगखाली 'स' दिसला.

बारा वर्षं.

डोळे मिटतात.

कुणीतरी दोरी ओढतंय. एकदा, दोनदा. इंजिन सुटं पडलेलं असताना दोरी कशी ओढेल, असं मनात येतं, पण उठवत नाही. पडवीच्या पायरीवर बस्त्याव बसलाय. अंगात पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. हाच शर्ट घालून त्याला पेटीत ठेवलं होतं. पाय मात्र अनवाणी, खोपीत असायचे तसे काळे.

"माझो पाना खंय रे, सगुणा?"

"तुझ्याच खोपीत आसतलो."

"थंय नाय. बघून इलंय."

तो गोणपाटावरचे भाग एकेक उचलून बघतो. सिलिंडरपाशी आल्यावर त्याचा हात थांबतो. तो उचलत नाही. उन्हात बघावं तसे डोळे बारीक करतो.

"उघडलंस तर," तो म्हणतो.

"उघडलंय."

"तुका उघडूचीच होती. रोजीनाक मी सांगलेला, कोणाक दी, पण सगुणाक नको. तिना आयकला नाय."

मला ओरडायचं आहे. पण तोंडातून आवाज येतो तो गिरणीच्या पट्ट्यासारखा, फट फट फट. बस्त्याव मान हलवत ऐकतो, जणू मी काहीतरी शहाणपणाचं बोलतोय. पडवीची भिंत हिरवट रंगाची झालीये. वर पंखा फिरतोय, त्याला एकच पातं आहे. माझा पाय प्लास्टरात, वर टांगलेला. बस्त्याव लोखंडी स्टुलावर बसलाय, मांडीवर डबा. झाकण उघडतो तसा बांगड्याच्या तिखल्याचा वास सगळ्या वॉर्डात पसरतो.

"जेव," तो म्हणतो. "रोजीनान तिरफळां जास्त घातल्यान. तुका आवडतत म्हणान."

"माका जेवूचा नाय."

"तेव्हा जेवलंस."

खरंय. तेव्हा मी रोज जेवलो. तो काटे काढून द्यायचा आणि मी जेवायचो. वासंतीला म्हणायचो, सख्खा भाऊ करणार नाही इतकं करतो हा. आता तो घास पुढे करतो आणि मला दिसतं, त्याच्या बोटांत लोखंडाचा बारीक कीस आहे, मीठ असावं तसा.

"बस्त्याव, तू सिलिंडर बदललंस."

"बदललंय."

"मी लग्नाक गेलेलंय तेव्हा."

"दुसऱ्या दिवशी. चार बोल्ट तर होते. अर्ध्या तासाचा काम." तो डबा बंद करतो. "तुझी मशीन गाणा म्हणी, सगुणा. माझी खोकी. वीस वर्सां मी इंजिनां उघडी, आणि तुका मी शिकवलेला. तू पयल्याच वेळी माझ्या पुढे गेलंस."

"म्हणान माझ्या मशीनीत तुझो घातलंस?"

"म्हणान."

"तुका म्हायत होता ती मोडतली?"

पंख्याचं पातं थांबतं. तो खाली बघतो.

"मोडतली ह्या म्हायत होता. इतक्या लवकर मोडतली ह्या म्हायत नाय होता."

समोर लाऊडस्पीकर आहे. ग्रामपंचायतीच्या पटांगणात मांडव घातलाय आणि मी पहिल्या रांगेत, प्लास्टिकच्या खुर्चीवर. बस्त्याव स्टेजवर उभा आहे. त्याच्या खांद्यावर शाल आणि हातात, नारळाऐवजी, माझा सिलिंडर. तो सगळ्यांना दाखवतोय. लोक टाळ्या वाजवतायत. मी पण वाजवतोय. हात थांबवायचा प्रयत्न करतो, ते थांबत नाहीत. प्रत्येक टाळीला पिठाचा ढग उडतो, आणि त्या ढगातून मला त्याचा आवाज स्पीकरवरून ऐकू येतो. त्या दिवशी तो जे बोलला तेच: "ही मशीन मी ह्या हातांनी घडवली." तेव्हा त्याने शुद्ध मराठी वापरली होती. मी वासंतीला कोपराने ढोसलं होतं, बघ आमचा बस्त्याव.

टाळ्यांतून मी ओरडतो. या वेळी आवाज फुटतो.

"हॉस्पिटलात सांगूचा होता माका!"

मांडव रिकामा आहे. खुर्च्या एकात एक घालून ठेवलेल्या. बस्त्याव माझ्या शेजारी बसलाय, शाल घडी करतोय.

"सांगूकच इललंय," तो म्हणतो. "इंजिन घेऊन इललंय तो दिवस आठवता? फडक्यात बांधून? मी रस्त्यान येताना शब्द जुळवलेले. कड माझी ऱ्हवली, असा म्हणूचा, आणि मगे पुढचा. पण तू आधीच म्हणालंस, माझीच ऱ्हवली आसतली."

"आणि तू म्हणालंस, होता असा."

"माका सोपा पडला, सगुणा."

एवढंच. मी वाट बघतो, पुढे काही येतंय का. काही येत नाही. बारा वर्षं मी कुणाचा साधा पंप उघडला नाही. बारा वर्षं हा माझ्या गिरणीत येऊन चहा प्यायला, माझ्या पोरीच्या बारशाला केक घेऊन आला, माझ्या लंगड्या चालीवरून कुणी बोललं तर त्याच्या अंगावर गेला. आणि त्याला सोपं पडलं. मला वाटतं, तो दुष्ट असता तर बरं झालं असतं. दुष्ट माणसावर थुंकून मोकळं होता येतं.

"माझो हात चांगलो आसा, इतका तरी एकदा म्हणाचा होतास," मी म्हणतो. माझा आवाज लहान झालाय, मलाच लाज वाटते.

"म्हणी."

"कधी?"

"रानात. मशीन चालू आसताना. कोणाक आयकूक जाऊचा नाय तेव्हा."

आम्ही रानातच आहोत. खुर्च्यांच्या जागी खोडं. समोर ऐन उभा आहे, अर्धा कापलेला, आणि त्याच्या खाचेत मशीन अडकलीये. वारा नाही. एक पान हलत नाही. मला माहितीये, वारा येणार आहे. मी मागे सरायला बघतो, पण डावा पाय उचलत नाही.

"आता वारो येतलो," मी म्हणतो.

"येऊंदे. मी आसय."

"तेव्हा खंय होतंस?"

"वर, काजीच्या मळ्यात. तुझ्या सिलिंडरान कापी होतंय. आवाजात तुझी हाक आयकाक इली नाय."

मी त्याच्याकडे बघत नाही. झाडाकडे बघतो. वर, शेंड्याकडे, पहिली फांदी हलते.

तेव्हा बस्त्याव खाली बसतो. गुडघ्यांवर, चर्चमध्ये बसायचा तसा, पण त्याचं तोंड माझ्याकडे आहे. तो हात पुढे करतो आणि दोन्ही हातांनी माझा पाय धरतो, जिथे मोडला होता तिथेच. पांढऱ्या शर्टाच्या बाह्या पालापाचोळ्याला टेकतात. नुसता धरून राहतो.

सकाळपासून मला हेच हवं होतं. तो जिवंत असता तर मी त्याच्या दारात जाऊन हेच मागितलं असतं, रोजीनवहिनीसमोर, सगळ्या वाडीसमोर. धर माझा पाय. आणि आता त्याने धरलाय तर मी पाय ओढतो.

"सोड."

तो सोडत नाही.

"बस्त्याव, सोड. माका जमाचा नाय. आता नाय."

"मगे?"

"म्हायत नाय."

"रोजीनाक सांगशीत?"

वारा झाडात उतरतो. लाकूड आतून चरचरतं. मी सगळ्या ताकदीने पाय ओढतो आणि त्याची पकड घट्ट होते. बोटं हाडापर्यंत लागतात.

"उठा," वासंती म्हणते. "चार वाजले."

ऊन पडवीच्या खांबाखाली आलंय. ती चहाचा कप घेऊन उभी आहे. गोणपाट तसाच आहे, भाग जिथे मांडले होते तिथेच, सिलिंडर मध्यभागी.

"रोजीनवहिनीचा फोन इललो," ती म्हणते. "ईचारत होती, मशीन चालू झाली काय."

मी सिलिंडरकडे बघतो. एका वाक्याचं काम आहे. वहिनी गेले महिनाभर जेमतेम दोन घास खातेय, हे वासंतीनेच सांगितलंय. मी कप घेतो, एक घोट पितो.

"तिका सांग, चालू होतली. सिलिंडर चांगलो आसा." मग थांबून म्हणतो, "माझ्या हातचो आसा तो. इतका सांग. बाकीचा मी सांगान, कधीतरी."

वासंतीला काही कळत नाही. ती विचारायला तोंड उघडते आणि माझ्या पायाकडे बघून थांबते.

"ह्या कसला लागला? हात धुऊन जेवल्यात मा?"

लुंगी गुडघ्यापर्यंत सरकलीये. डाव्या पायाच्या नडगीवर जळक्या ऑइलचे काळे ठसे आहेत, ओले, चमकणारे. दोन अंगठे पुढे, बाकीची बोटं मागे पोटरीवर वळलेली. वासंती फडकं आणायला आत जाते.

मी माझे हात बघतो. स्वच्छ आहेत. तरी वाकतो आणि दोन्ही हातांनी पाय धरून बघतो, ठशांवर बोटं बसतात का ते. बसत नाहीत. माझे अंगठे घोट्याच्या बाजूला येतात. ठशांतले दोन्ही वर आहेत, गुडघ्याकडे, समोर खाली बसलेल्या माणसाचे असतील तसे.