तीन एक्के आणि दहा कांड्या

"अरे येड्या, हातात तीन एक्के असताना अशी चाल करतात व्हय?" आमचा मुकादम एवढ्या मोठ्यानं ओरडला की पार लांबच्या मानकोली गावातल्या म्हशी दावं तोडून पळाल्या असतील.

सत्तर-पंच्याहत्तरच्या सुमारास वीज सारखी जायची. कापडाचे लूम थांबले की निजामपुऱ्यातल्या आमच्या शेडमध्ये तीन पत्तीचा डाव बसे. पैशांऐवजी आम्ही सूत गुंडाळायच्या रिकाम्या कांड्या लावायचो. एक कांडी हरली, की जिंकणाऱ्याची एका दिवसाची ड्युटी आपण भरायची.

पलीकडच्या शेडमधला तो विणकर त्या दिवशी पहिल्यांदाच बसला होता. त्यानं पत्ते एकदाच पाहिले, गुडघ्याखाली दाबले आणि कानाची पाळी चोळली. डावात प्रत्येकाची एकेकच कांडी होती. त्यानं हळूहळू चाल वाढवली असती, तर आम्ही तिघं त्याच्यासाठी दिवाळीपर्यंत राबलो असतो. पण या पठ्ठ्यानं जवळच्या दहाही कांड्या एकदम पुढे ढकलल्या. आम्ही घाबरून पत्ते टाकले, तेव्हा कुठे त्यानं एक्के दाखवले.

मुकादमाचं ओरडून झाल्यावर मी विचारलं, "बाबा, आम्हाला थोडं खेळवलं का नाहीस?"

आमच्या तीन कांड्या खिशात टाकत तो म्हणाला, "पोरीचं लगीन हाय. तीनच दिवस पायजे होते."