पानी निंघनं का?

माझी नोकरी गुजरातेत, एका विमानतळावर. विमानांत इंधन भरायचं काम. आणि त्याआधीचं, त्याहून मोठं काम म्हणजे इंधनात पाणी नाही ना ते बघायचं. पाणी जड, म्हणून ते टँकरवरच्या फिल्टरच्या तळाशी साचतं. रोज सकाळी तिथली तोटी सोडून काचेच्या बरणीत नमुना घ्यायचा, बरणी गरगर फिरवायची आणि उजेडात धरायची. वर आकाशातल्या गारठ्यात थेंबाचा बर्फ झाला, तर इंजिनाचा घासच अडायचा. आमची नजर चुकलीच तर फिल्टरमध्ये एक गोळा असतो. तो इंधनात बुडतो, पाण्यावर तरंगतो. पाणी वाढलं की तो वर येतो आणि व्हॉल्व्ह बंद होतो.

गावी, धानोऱ्याला, ओट्यावर बसून हे सगळं आबांना, म्हणजे वडिलांना सांगितलं, तर ते पोट धरून हसायला लागले. जन्मभर शेतात पाणी शोधलेला माणूस! बोअरला पाणी लागलं की अर्ध्या गावाला गूळ-खोबरं वाटणारा.

"वा रे! आम्हना आठे पानी निंघनं ते नारळ फोडतस, नी तुन्हा तठे नही निंघनं ते पगार भेटस!"

तेव्हापासून रोज संध्याकाळी त्यांचा फोन. जेवलास का, बरा आहेस का, काही नाही. पहिला प्रश्न ठरलेला. "काय रे, पानी निंघनं का?"

"नही निंघनं, आबा."

"अरेरे! कोरडी जमीन शे तुन्ही." आणि स्वतःच खो खो हसायचे. खरं सांगतो, कधी कधी वैताग यायचा. रोज काय तेच ते?

गेल्या हिवाळ्यात त्यांना लकवा मारला. नंदुरबारच्या दवाखान्यात ठेवलं. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. डॉक्टरबाईंनी मला बाजूला घेऊन नीट समजावलं. घशात एक झाकण असतं, गिळताना ते श्वासाची वाट बंद करतं. आबांचं झाकण आता वेळेवर बंद होत नव्हतं. जे द्यायचं ते नाकातल्या नळीने, तोंडाने पाण्याचा थेंबही नाही. तो फुप्फुसात जाईल.

मला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. व्हॉल्व्ह बिघडला होता, आता मीच पहाऱ्याला बसलो. भेटायला येणारे म्हणायचे, "अरे, म्हातारा माणूस, घोटभर पाज ना!" मी एकेकाला झापलं. आत्याशी तर असा भांडलो की ती रडत बसस्टँडवर गेली.

आबा मात्र मागतच होते. "पानी... घोटभर पानी दे." मी कापूस ओला करून ओठांना लावायचो. ते कापूस चोखायला बघायचे आणि मी तो ओढून घ्यायचो. एकदा माझ्याकडे बघून म्हणाले, "दुश्मन शे तू." बाहेर जाऊन भिंतीला डोकं टेकून रडलो.

एवढं करूनही छाती भरलीच. आता घरी न्या, डॉक्टर म्हणाले.

घरी मायने देवघरातला गडू आणला. प्रकाशा तीर्थाहून आणलेलं तापीचं पाणी. "आते पाज त्यास्ले." आता तरी पाज, म्हणाली.

"माय, डॉक्टरनी..."

"आते कसाना डॉक्टर!"

मी गडूतलं पाणी चमच्यात घेतलं. पहिला चमचा त्यांनी गिळला. ठसका लागला नाही. डोळे मिटून त्यांनी ती चव घेतली, किती वेळ. दुसरा चमचा ओठांच्या कडेने उशीवर उतरला. मायने पदराने त्यांचं तोंड पुसलं आणि मला म्हणाली, "राहू दे आते."

तेरावं करून मी कामावर रुजू झालो. दमट सकाळ होती. तोटी सोडली, बरणी फिरवली, उजेडात धरली. तळाशी तिळाएवढे दोन थेंब एकमेकांना भिडले आणि एक झाले. माझ्या पाळीत असं कधीच झालं नव्हतं.

बरणी ओतून पुन्हा नमुना घ्यायचा असतो. माझा हात हलेना. पलीकडून साहेबांनी हाक मारली, "काय झालं? काय निघालं?"

"पानी," मी म्हणालो. "पानी निंघनं, आबा."