टॉवरमधलं चकचकीत टेबल

सनमायकाच्या गोंदाचा उग्र वास आला की मला मार्केट यार्डामागची सुताराची शेड आठवते. विमानतळाच्या कंट्रोल टॉवरची नवी खोली आमच्या इंटिरियरच्या ऑफिसने तिथे आधी नमुना म्हणून प्लायवुडमध्ये उभी केली होती: तिरक्या काचा, छतात दिवे आणि आमच्या साहेबांच्या लाडाचं पांढरंशुभ्र, चकचकीत टेबल. टॉवरमध्ये विमानांवर नजर ठेवत वीस वर्षं काढलेल्या एक बाई ती बघायला आल्या, खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "अहो, काचेत हे टेबलच दिसतंय. विमान कुठे बघू?" साहेब म्हणाले, "सवय होईल मॅडम, मॉडर्न लुक आहे." माझं डोकंच फिरलं. जिथे नजर चुकली तर माणसं मरतील, तिथे लुक कसला? कॉलेजात मोर्चांची पत्रकं लिहिलेली, त्यामुळे मी तिथेच कामगारांचे हक्क आणि मालकांचा माज यावर भाषण सुरू केलं. साहेबांच्या कपाळावर आठ्या पडल्या. बाईंनी मला थांबवलं, "तुम्ही जरा बसा. आपण पुण्यात आहोत." सुताराची पेन्सिल घेऊन त्यांनी पुठ्ठ्यावर पाटी लिहिली आणि टेबलावर उभी केली: 'येथून विमान सोडून सर्व काही दिसते. सवय करून घ्यावी.' साहेबांनी ती दोनदा वाचली, स्वतः खुर्चीत बसून काचेकडे पाहिलं आणि हसू दाबत सुताराला म्हणाले, "काढा हो हे. काळं लावा, बिनचमकीचं." आज त्या टॉवरमध्ये काळं टेबल आहे. ते माझ्या भाषणामुळे आलं असतं तर मला जास्त बरं वाटलं असतं, एवढंच.