घर कुणाचं, काकू?

कमल गेल्याचं मला कारंज्याच्या एस.टी. स्टँडवर कळलं. तिचा पुतण्या समोरून आला, पाया पडला आणि म्हणाला, "मावशी, तुमाले समजलं असनच..." मला काहीच समजलं नव्हतं. आदल्या आठवड्यात झोपेतच गेली म्हणे. तो आणखी काही सांगत होता. मी मान हलवत होते, पण डोळ्यांपुढे टपाल कचेरीच्या मागची एक पत्र्याची खोली होती. त्या खोलीत टेलिफोनच्या लाकडी बोर्डासमोर दोन स्टुलांवर आम्ही दोघी पोरी बसलेल्या होतो.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. वाशीम जिल्हा तेव्हा झाला नव्हता, आमचं गाव अकोल्यात मोडायचं. कामरगावहून जीपनं जवळच. गावात फार तर तीसेक फोन असतील: कापसाचे व्यापारी, डॉक्टर, तेलघाणी, दोन-चार मोठे शेतकरी. प्रत्येक फोनची तार आमच्या बोर्डावरच्या एकेका भोकात आलेली. गिऱ्हाइकानं घरी हँडल फिरवलं की इथे त्याच्या भोकावरची झडप पडायची. आम्ही हेडफोन कानाला लावून विचारायचं, "कोण पाहिजे?" नंबर कुणी सांगत नसे. "डॉक्टरसायबाले द्या," "घाणीवर द्या," एवढंच. कुठलं भोक कुणाचं हे आम्हाला पाठ होतं. हात आपोआप जायचा.

एका चैत्रातल्या दुपारी आभाळ भरून आलं आणि तारेच्या खांबावर वीज पडली. आम्ही बाहेर पळालो म्हणून वाचलो. आत बोर्डाची मागची बाजू जळाली, तारांचा जुडगा वितळून एक झाला आणि बाजूला चिकटवलेला नावांचा कागदही गेला. दुसऱ्या दिवशी अकोल्याहून मेकॅनिक आला. दिवसभर खपून त्यानं नव्या तारा जोडल्या. निघताना घाम पुसत म्हणाला, "लाइनी चालू झाल्या बाई. पण कुठली कोणाची, ते मले नाही सांगता येत. सापडलं तसं जोडलं." त्याला पुढच्या गावालाही असंच काम होतं. तो गेला आणि आम्ही बोर्डाकडे बघत राहिलो. भोकं सगळी होती, माणसं हरवली होती.

मी म्हटलं, वरून यादी येईपर्यंत थांबू. कमल म्हणाली, "तोवर कोणाले डॉक्टर लागला तं?" आणि तिनं लगेच दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी पहिल्या भोकात प्लग घालून घंटी दिली. पलीकडे जो उचलेल त्यालाच विचारायचं, तुम्ही कोण? एवढी सोपी युक्ती. पण सोपं काही निघालं नाही. त्या वेळी पुरुष दुकानात किंवा वावरात. फोन उचलायच्या बाया, आणि बाया नवऱ्याचं नाव घेईनात.

"घर कुणाचं, काकू?"

"यायचं."

"यायचं म्हंजे कोणाचं?"

"आवं, यायचंच! मी नाव नाही घेत, बाई."

'यायचं' म्हणजे 'यांचं', नवऱ्याचं. मी हसून हसून बेजार. कमलनं मात्र धीर सोडला नाही. दारासमोर काय दिसतं, पोराचं नाव काय, शेजारी कोण, असं विचारत ती घर ओळखायची आणि नव्या कागदावर नाव टिपायची. तेलघाणीचे भाऊ सापडले, डॉक्टर सापडले. दुपारपर्यंत निम्मा बोर्ड परत बोलका झाला.

तेवढ्यात अकोल्याचा ट्रंक कॉल आला. गुलाबचंद शेठजींचे जावई बोलत होते. त्यांची बायको, शेठजींची लेक सुशीला, बाळंतपणात अडली होती, प्रकृती बरी नव्हती. "फक्त शेठजींना द्या. घरात बाईमाणसांना काही सांगू नका," त्यांनी दोनदा बजावलं. शेठजींचं घर अजून सापडलं नव्हतं. लाइन तुटली असती तर पुन्हा कधी लागली असती, देव जाणे. मी जावयांना "धरा, धरा" म्हणत राहिले आणि कमल उरलेल्या भोकांतून एकेक घंटी देत सुटली. एका घरी कुणी उचललंच नाही. दुसरीकडे म्हातारे आजोबा ओरडून भलतंच बोलले. मग एका बाईंचा आवाज आला. घर कुणाचं म्हटल्यावर त्यांचंही तेच, "यायचं."

"काकू, लेकीचं नाव काय तुमच्या?"

"सुशीला. अकोल्याले देली. काहून इचारता?"

कमलनं माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला होता, पण आवाज तसाच राहिला. "नवीन यादी करून राह्यलो, काकू. शेठजी हायेत काय?"

"कारंज्याच्या बाजारात गेले. संध्याकाळी येतीन." मग जरा थांबून, हळूच, "माय... माह्या सुशीचं काई हाय काय?"

ज्याचा कॉल त्यालाच द्यायचा, असं नियम सांगत होता, जावई सांगत होते, मीही हातानं नको नको करत होते. कमलनं डोळे मिटले. म्हणाली, "काकू, खाली बसा. जावईबापू लाइनवर हायेत. तुमीच बोला." आणि तिनं कॉर्ड जोडून दिली.

त्यांचं बोलणं आम्ही ऐकलं नाही. बोलणं संपून झडप पडल्यावर कमलनं विचारलं तेव्हा त्या काकू, शेठजींच्या घरच्या रतनबाई, एवढंच म्हणाल्या, "मले जा लागते." सकाळीच सापडलेल्या तेलघाणीच्या भाऊंना कमलनं घंटी दिली आणि त्यांची जीप रतनबाईंच्या दारात गेली. सुशीला वाचली. बाळ नाही वाचलं... पण ती शुद्धीवर आली तेव्हा आई उशाशी होती.

काही दिवसांनी शेठजी आमच्या खोलीत आले. रागानं लाल. "बाईमाणसाले असं सांगतात काय?" कमल उभी राहिली. "शेठजी, तुमी घरी नव्हता. माय घरी होती." शेठजी स्टुलावर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "एकटी गेली ती. कधी कामरगावच्या पुढं एकटी गेली नव्हती..." तक्रार त्यांनी कधीच केली नाही. पुढे त्या घरचा फोन आला की कधी कधी रतनबाई असायच्या. हँडल फिरवून, घसा खाकरून म्हणायच्या, "मी रतन बोलतो. अकोल्याले लावून दे." कागदावर शेठजींच्या नावापुढे कमलनं त्यांचंही नाव लिहून टाकलं होतं.

नंतर माझं लग्न झालं, तिची बदली झाली. गावात आपोआप लागणारे फोन आले आणि आमचा बोर्ड कुठे गेला कोण जाणे. आम्ही मात्र बोलत राहिलो, महिन्या-दोन महिन्यांनी. कमल कधीच आधी फोन ठेवायची नाही. पलीकडचं माणूस गेल्याची खात्री होईपर्यंत कॉर्ड ओढायची नाही, ही तेव्हाची शिस्त तिच्या हाडात मुरली होती. मी "ठेवते गं" म्हणायचे, ती "हो" म्हणायची आणि तिथेच असायची. तिचा श्वास ऐकू यायचा.

परवा तिच्या घरी फोन केला. सुनेनं उचलला. दोघी रडलो, थोडं बोललो. मी म्हटलं, "ठेवते, बाळा." ती "हो, मावशी" म्हणाली. मग मी फोन कानाला तसाच धरून राहिले... तिनंही ठेवला नव्हता.