अबोला आणि ब्रेकमधली हवा

ब्रेक घरी बसवायची हौस आमच्यात कुणालाच नव्हती. पण पिकअप उभी होती वर आमच्या वाडीत, मेकॅनिक होता खाली महाडला, एस.टी. डेपोच्या मागे, आणि मधे वरंधपर्यंतचा सगळा उतार. मागचे ब्रेक गेलेली गाडी दुरुस्तीसाठी त्याच उतारावरून न्यायची म्हणजे शहाणपणाची हद्द झाली असती. मेकॅनिक म्हणाला, आठ दिवसांनी वर येतो. आठ दिवस वाडीचं दूध कोण खाली नेणार? मग माझ्या नवऱ्याने सामान विकत घेतलं, काम कसं करायचं ते दोनदा विचारून घेतलं आणि पिशवी मांडीवर धरून एस.टी.ने घर गाठलं.

हे मला सासूबाईंकडून कळलं, कारण मी ह्यांच्याशी बोलत नव्हते. अबोल्याचा तो चौथा दिवस होता.

हे रोज सकाळी दूध घेऊन महाडला जायचे आणि आमची पहिलीतली मुलगी पुढच्या सीटवर बसून वरंधच्या शाळेपर्यंत जायची. त्या सोमवारी पाणी भरताना शेजारीण मला म्हणाली, परवा बरे वाचलो आम्ही सगळे. ती मागे कॅनांबरोबर बसली होती. वरंधच्या वरच्या वळणावर ब्रेकचं पायडल तळाला गेलं, ह्यांनी गिअर पाडला, हॅन्डब्रेक ओढला आणि शेवटी गाडी डोंगराच्या बाजूला घासत घासत थांबवली. मुलीला वाटलं, बाबा गंमत करतायत. ती टाळ्या पिटत होती म्हणे.

गाडीचा पत्रा खरवडलेला मी बघितला होता. बैल आडवा आला, असं मला सांगण्यात आलं होतं.

घरी येऊन मी विचारलं तेव्हा थोडं थोडं करून बाहेर आलं. पंधरा दिवस पायडल खोल जात होतं. दर दोन दिवसांनी हे ब्रेक ऑइल ओतत होते आणि मूग गिळून बसले होते. त्या पंधरा दिवसांत रोज सकाळी मी स्वतःच्या हाताने मुलीची वेणी घालून तिला त्या सीटवर बसवत होते. मी महाडची. भांडायला लागले की तीन घरं ऐकतात, हे वाडीत सगळ्यांना ठाऊक. पण त्या दिवशी मी एकच वाक्य बोलले, ब्रेक माझ्या डोळ्यांदेखत लागल्याशिवाय पोर ह्या गाडीत बसणार नाही. आणि तोंडाला कुलूप लावलं. मुलीची शाळा तेव्हापासून बंद होती.

तर शुक्रवारी सकाळी अंगणात काम सुरू झालं. भाताच्या झोडणीचे दिवस होते, वाडी सगळी खळ्यांवर गेलेली आणि आमच्या घरातले बाकीचे पुरुष मुंबईला. मुलगीही शेजारणीबरोबर खळ्यावर गेली होती. ह्यांनी पुढच्या चाकांना दगड लावले, गाडी जॅकवर चढवली, खाली सागाचे ठोकळे सरकवले आणि मागची दोन्ही चाकं काढली. चाकांमागचे ब्रेकचे ड्रम काही केल्या निघेनात. हातोडीने चारी बाजूंनी ठोकत बसावं लागलं. निघाले तेव्हा आतून काळी भुकटी सांडली आणि ड्रमला घासून चाक थांबवणारे लायनर दिसले, झिजून अगदी पत्र्याला लागलेले. डाव्या चाकाचा ब्रेक ऑइलचा सिलिंडर गळत होता, त्याच्याखाली सगळं तेलकट झालं होतं. मी ओटीवर तांदूळ निवडत होते आणि सूप हातात तसंच धरून बघत राहिले. इतक्याशा जाडीवर माझी मुलगी रोज उतार उतरत होती.

मेकॅनिकने सांगितलं होतं, एका वेळी एकच बाजू सोडव, दुसरी बघून बसव. ह्यांनी तसंच केलं, पण स्प्रिंगा बसवताना गडबड झाली. ओटीवरून मला दोन्ही बाजू दिसत होत्या. उजवीकडे निळी स्प्रिंग वर होती, डावीकडे ह्यांनी ती खाली अडकवली होती. मी सासूबाईंना म्हटलं, "आत्या, त्यांना सांगा, निळी वर." सासूबाईंनी सांगितलं. ह्यांनी मान वर न करता स्प्रिंग सोडवली, निळी वर लावली आणि आईला म्हणाले, तिला सांग, कळलं. एवढ्या कामाला सासूबाईंचं टपाल पुरलं. दुपारपर्यंत नवा सिलिंडर बसला, दोन्हीकडचे लायनर बसले, ड्रमही चढले.

खरी अडचण पुढे होती. सिलिंडर बदलला की ब्रेक ऑइलच्या नळीत हवा शिरते आणि ती काढल्याशिवाय ब्रेक लागत नाही. ह्या कामाला दोन माणसं लागतात. एकाने पायडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकामागचा लहानसा स्क्रू सैल करायचा, की तेलाबरोबर हवेचे बुडबुडे बाहेर येतात. स्क्रू पुन्हा आवळेपर्यंत पायडलवरचा पाय उचलायचा नाही. उचलला तर बाहेरची हवा उलट आत ओढली जाते.

ह्यांनी आधी आईला गाडीत बसायला सांगितलं. सासूबाईंनी साफ नकार दिला. दसऱ्याला जिची पूजा केली, जिला हार घातला, तिला पाय लावायचा? त्यांनी लगेच गाडीला हात लावून तो कपाळाला टेकवलासुद्धा. मग उरले मी. मी पदर खोचला आणि ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले. हे मागे चाकाशी आडवे पडले. सासूबाई मधे उभ्या राहिल्या, दोघांनाही दिसतील अशा.

"तिला सांग, दाब."

"दाब म्हणतो गो."

"दाबलंय म्हणावं."

"दाबलंय म्हणते."

असं करत आम्ही हवा काढायला लागलो. एकदा झालं, दोनदा झालं, सहादा झालं. पायडल ओल्या चिखलात पाय घातल्यासारखंच लागत होतं. हे उठून पुढे यायचे, बॉनेटखालच्या डब्यात तेल ओतायचे, माझ्याकडे न बघता परत जायचे. आणलेल्या दोन बाटल्यांपैकी एक संपली. दुसरीत चार बोटं तेल उरलं. ते संपलं की काम तिथेच थांबणार, नवीन बाटली महाडला. डबा पूर्ण रिकामा झाला तर सगळ्याच नळ्यांत हवा जाणार, म्हणजे जे थोडेफार ब्रेक होते तेही जाणार.

ह्यांनी ती बाटली उन्हात धरून बघितली आणि दाराशी येऊन उभे राहिले. चार दिवसांनी पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघून बोलले.

"पाय का उचलतेस तू मधेच?"

"तुम्हीच सांगताय."

"मी कवा सांगितलं?"

"पायाला ताण देऊ नको, दमलीस तर उचल. दर वेळी सांगताय." आणि खरं सांगायचं तर मला ते थोडं बरंही वाटत होतं. मी मनात म्हणत होते, आलं वाटतं शहाणपण.

हे म्हणाले, मी तर दर वेळी ओरडतोय की सांगेपर्यंत पाय उचलायचा नाय. मग आम्ही दोघांनी सासूबाईंकडे बघितलं. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

"तो तिकडं ओरडतो, तू इकडं फणकारतेस," त्या म्हणाल्या. "तसंच्या तसं सांगितलं तर आणखी चार दिवस बोलणार नाय तुम्ही. मी जरा गोड करून सांगत होते."

ह्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं होतं, पण माझ्याकडे बघून त्यांनी ते गिळलं. सासूबाई चहा टाकते म्हणून आत गेल्या. आता टपाल बंद झालं होतं आणि तेल चार बोटं होतं.

"मी सोड म्हणेपर्यंत धरून ठेव," मागून आवाज आला.

"धरलंय," मी म्हटलं.

ह्यांनी स्क्रू सैल केला. ह्या खेपेला मी पाय उचलला नाही, तेव्हा पायडल माझ्या पायाखालून खाली खाली जात राहिलं आणि तळाला टेकलं. पुढे दाबायला काही उरलंच नाही. गाडी ठोकळ्यांवर होती, अंगणात होती, तरी मी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं. समोरच्या काचेतून मला अंगण दिसत होतं आणि मी विचार करत होते, त्या दिवशी ह्या काचेतून काय दिसलं असेल.

"त्या दिवशी असंच झालं होतं?" मी विचारलं.

आधी स्क्रू आवळल्याचा आवाज आला.

"हां. सोड आता." आणि थोड्या वेळाने, "घाबरलो होतो मी. बोललो तर ते खरं हाय असं होईल, म्हणून बोललो नाय."

"घाबरलात त्याचा मला राग नाही," मी म्हटलं. "मी तिला रोज बसवत होते. मला माहीत नसताना बसवत होते."

"चुकलं माझं," हे म्हणाले. चाकामागून म्हणाले, तोंड दिसत नव्हतं. पण मला तेवढं पुरे होतं, आणि डोळे पुसायला मलाही जरा आडोसा हवाच होता.

पुढच्या तीन खेपांत बुडबुडे थांबले. पायडल अर्ध्यावर येऊन असं घट्ट थांबलं की मी पुन्हा पुन्हा दाबून बघितलं. बाटलीत बोटभर तेल शिल्लक होतं. चाकं चढवून, चहा पिऊन, आम्ही दोघंच गाडी घेऊन वाडीच्या तोंडाशी गेलो, जिथून उतार सुरू होतो. मुलीला नेलं नाही. ह्यांनी अगदी हळू उतरत ब्रेक दाबला आणि गाडी जागच्या जागी उभी राहिली. थोडा वेग घेऊन पुन्हा दाबला. पुन्हा उभी राहिली. माझा उजवा पाय आपोआप माझ्या समोरच्या पत्र्यावर दाबला जात होता. तिसऱ्यांदा गाडी थांबली तेव्हा माझा जीव भांड्यात पडला आणि मी चार दिवसांचं साठलेलं बोलायला सुरुवात केली. परत येईपर्यंत मी थांबले नाही, आणि हे सगळं निमूट ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलीची वेणी घातली, दप्तर दिलं आणि तिला घेऊन अंगणात आले. दुधाचे कॅन चढले होते. रात्री मी ठरवलं होतं की बसवायचं, पण गाडीजवळ आल्यावर पाय अडला. ब्रेक मी पाहिले होते. तरी अडला.

हे ड्रायव्हरच्या बाजूने फिरून माझ्याजवळ आले. थोडे घुटमळले.

"हॅन्डब्रेक जरा सैल लागतोय," म्हणाले. "पायाचा ब्रेक चांगला हाय. पण हॅन्डब्रेक ओढला की दोन दात जास्त वर येतो. महाडला आवळून घेतो. तुला सांगून ठेवतो."

मी मुलीला उचललं आणि पुढच्या सीटवर बसवलं.