मेडशीच्या मशीनला आलेलं नेटवर्क

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की तिथून उठून जाणारा मी माणूस. कॉम्प्युटर दुरुस्त करतो. बिघाड असला की कारण असतंच, एवढाच माझा देवधर्म! तरीही हे लिहितोय...

वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात, मेडशीला एका छोट्या दवाखान्यात लिनक्सवर चालणारं कॉम्प्युटरचं जुनं मशीन आहे. वैशाली सिस्टर त्यावरून नागपूरच्या लहान मुलांच्या डॉक्टरांना व्हिडिओवर पेशंट दाखवतात. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मशीनला नेटवर्क लागेना, म्हणून मला वाशीमहून बोलावलं. मी पोचेपर्यंत गावातला मोबाईल टॉवरही बंद पडला होता.

बाकावर रुखसानाभाभी तान्ह्या पोरीला घेऊन बसल्या होत्या. पोर धापा टाकत होती.

"घरचे म्हंतात साधी सर्दी हाय. डाक्टरनं सांगतल्याबिगर अकोल्याले नेऊ देत नाहीत. लवकर करा ना भाऊ!"

"काल एवढी पूजा केली मशीनची," सिस्टर वैतागल्या, "तरी नखरे करून राह्यलं!"

मशीन चालू होताना नेटवर्क जोडणारी एक स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची छोटी फाइल, असते. ती दर वेळी 'फेल्ड' म्हणून थांबत होती. मी फाइल उघडली, ओळ न ओळ तपासली, रीस्टार्ट केलं... पुन्हा तेच. पोरीचे ओठ निळसर दिसायला लागले. शेवटी हात टेकले.

आणि तेवढ्यात—कीबोर्डला कुणाचा हातही नव्हता—स्क्रीनवर डॉक्टर दिसले! त्यांनी पोरीची छाती पाहिली. "न्यूमोनिया आहे. आत्ताच्या आत्ता निघा." जीप लगेच अकोल्याला सुटली.

कॉल संपल्यावर मी मशीनमागे वाकलो. घाईत मी पाहायचीच विसरलेली नेटवर्कची वायर झेंडूच्या हाराखाली जमिनीवर पडली होती... टोकाला कालचं कुंकू, जरासुद्धा न पुसलेलं. मशीनला वाय-फाय नाहीच!

"सिस्टर, ही कुणी काढली?"

"मीच तं काढली काल, पुसाले. लावाची राहूनच गेली!"

वायर लावली, तर तीच स्क्रिप्ट पहिल्या झटक्यात चालली. मित्र म्हणतात, तू वाकलास तेव्हा निसटली असेल. मग वायर आत खोचलेली असती, तर टोकावरचं कुंकू न पुसता कसं राहिलं?

पोर वाचली. पुढे बाजारात भाभी पोरीला कडेवर घेऊन भेटल्या, तेव्हा त्यांना सगळं सांगितलं. त्या हसल्या.

"वायरचं तुमी पाहा भाऊ. हे पाहा, कशी वरडून राह्यली! आता मले झोपू देत नाही."

मी अजून कारण शोधतोय. सापडलं नाही तरी चालेल, असं मात्र आयुष्यात पहिल्यांदाच वाटतंय.