तोंडझाक्यांची वस्ती

भोंगाताईला 'भोंगा' हे नाव तिच्या सख्ख्या बापाने ठेवलं. जन्मल्या जन्मल्या तिने असा काही टाहो फोडला, की तो म्हणाला, "चला, आता पाळीला उठवायला गिरणीचा भोंगा नको." खरं नाव कागदोपत्री आहे, पण त्या नावाने कुणी हाक मारली तर ती आधी मागे वळून बघते, की ही कोण बाई आणि ती कुठे उभी आहे.

माहेर आणि सासर एकाच गल्लीत, कापड गिरणीच्या मागच्या भिंतीला लागून. त्या गल्लीची एक खोड होती. गिरणीत माग सुरू झाले, दोरा नेणारे धोटे इकडून तिकडे आपटायला लागले, की शेजारच्याने कानाशी येऊन गळा काढला तरी ऐकू यायचं नाही. म्हणून तिथे सगळे ओठांनी बोलायचे. आवाज अजिबात नाही, नुसते ओठ चांगले मोठे हलवायचे, आणि समोरच्याने ते बघून तसंच उत्तर द्यायचं. दोरा तुटल्याची तक्रार, मुकादमाची टिंगल, दोनचार लग्नं आणि एक अख्खा संप तिथे आवाजाशिवाय जमला होता.

बाहेर आलं तरी सवय सुटत नसे. बायका या खिडकीतून त्या खिडकीत मुक्यानेच गप्पा हाणायच्या. आणि आवाज काढायची वेळ आलीच, तर निम्म्यांचे कान मागांनी खाल्लेले, त्यामुळे साधं "जेवलात का?" सुद्धा भांडण लागल्यासारखं ऐकू यायचं.

अशा गल्लीत एकच गोष्ट अक्षम्य होती, ती म्हणजे बोलताना तोंडावर हात नेणं. ज्याचे ओठ दिसत नाहीत तो मुकादमाकडे चहाड्या करतो, नाहीतर सुताची रिळं पळवायच्या बेतात आहे, याबद्दल कुणाला शंका नव्हती. अशा माणसाला 'तोंडझाक्या' म्हणत. चोर म्हटलेलं एक वेळ खपून जायचं, तोंडझाक्या म्हटलं की हाणामारी.

पुढे गिरणी बंद पडली आणि भोंगाताई बसस्थानकावर तिकीट खिडकीत बसायला लागली. तिथे जाड काच, काचेला एक भोक, आणि बाहेर गाड्यांचा गोंधळ. बाकीचे कारकून दिवसभर "काय? काय म्हणालात? जरा मोठ्याने!" करून घसा बसवून घ्यायचे. भोंगाताई नुसती बघायची आणि तिकीट फाडायची. रांगेत मागे कुणी पुटपुटलं, "ही बाई झोपलीय की काय," तर ती आतून गरजायची, "जागी आहे! सुटे काढून ठेवा!" तो माणूस चार दिवस दुसऱ्या खिडकीवर जायचा.

इतकी वर्षं काचेआड बसून तिचं एक मत पक्कं झालं होतं. तोंड दिसलं की माणूस कळतो. आणि जो तोंड झाकतो त्याच्यात पाणी मुरतंय. हे आपण कुणाकडून शिकलो असं तिला कधी वाटलंच नाही. डोळे आहेत, दिसतं, यात शिकायचं काय?

तर अशा बाईची एकुलती एक लेक चष्म्याच्या दुकानात कामाला लागली आणि तिथे भिंगं घासून बसवणाऱ्या एका मुलावर तिचं मन बसलं. मुलगा गावाबाहेरच्या चुन्याच्या भट्ट्यांकडचा. भोंगाताईची हरकत नव्हती. शिकायला लहानपणीच बाहेर पडलेला, समोर बघून स्वच्छ बोलणारा मुलगा. तिने त्याला दोनदा न्याहाळला आणि पास केला. मग एका रविवारी त्याचे आईवडील आले.

मुलाची आई खुर्चीच्या कडेवर बसली. भोंगाताईने विचारलं, "यायला त्रास नाही ना झाला?" त्या बाईचा उजवा हात चटकन वर गेला, तोंडावर बसला आणि हाताच्या आडून आवाज आला, "नाही हो, मुळीच नाही." वडिलांचंही तेच, फक्त त्यांच्याकडे रुमाल होता. भोंगाताईचा नवरा जुना गिरणीतला फिटर, कोणालाही हसवणारा. त्याच्या विनोदावर दोघं हसली, तीही हाताआड.

"मुलाच्या तब्येतीचं काही?" भोंगाताईने विचारलं.

हात वर. "अगदी ठणठणीत आहे."

भोंगाताई जरा डावीकडे वाकली. हात डावीकडे सरकला. ती उजवीकडे वाकली. हात आणखी घट्ट बसला. शेवटी ती इतकी पुढे झुकली, की नवऱ्याने तिला मागून चिमटा काढला.

पाहुणे जिना उतरले न उतरले तोच तिने निकाल दिला. "तोंडझाके आहेत. दोघंही. काहीतरी दडवतायत."

"अगं, बोलले ना सगळं," नवरा म्हणाला.

"ऐकू आलं. दिसलं कुठे?"

दोन दिवसांनी लेक तिच्यासमोर येऊन उभी राहिली. तिला वळण लावलं होतं तशी, तोंड समोर, ओठ मोकळे. "आई, त्यांना तू खूप आवडलीस. तो सांगत होता. सारखी तुझी आठवण काढतात म्हणे."

भोंगाताईने ते वाचलं आणि तिला पटलं. "आवडणारच. माझ्याकडे काय झाकलेलं आहे? पण मला त्या नाही आवडल्या, आणि माझा होकार नाही."

लेकीने आदळआपट केली असती, तर भोंगाताईला ते पेलवलं असतं. आवाज चढवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण पोरगी एवढंच म्हणाली, "ठीक आहे. तुझ्या मनाविरुद्ध मी लग्न करणार नाही. आणि दुसऱ्या कुणाशीही करणार नाही." मग ती कामाला जायची, यायची, विचारलं तेवढं बोलायची. दुकानातले किस्से बंद झाले. घरात बापलेकीचं हसणं दणदणायचं, तेही थांबलं. भोंगाताईला पहिल्यांदाच त्या घरात भीती वाटायला लागली. एकच पोर, आणि ती शहाण्यासारखं वागून डोळ्यांदेखत वाळून चाललेली.

नवऱ्याने एकदा म्हणून पाहिलं, "तू म्हणतेस ते चुकीचं असेल तर?"

"मग मी पुरावाच आणते," भोंगाताई म्हणाली. सुट्टीच्या दिवशी तिने पर्स उचलली आणि आपल्याच खिडकीवर दुसऱ्या कारकुनाकडून तिकीट काढून भट्ट्यांकडची बस धरली.

भट्ट्यांच्या वस्तीत सगळंच पांढुरकं होतं. छपरं पांढुरकी, झाडांची पानं पांढुरकी, काळं कुत्रंसुद्धा राखाडी. भोंगाताई थांब्याच्या बाकावर बसली आणि तिने टेहळणी सुरू केली. समोर भाजीवाली गिऱ्हाइकाशी बोलत होती, तोंडावर हात. गिऱ्हाईकही तसंच. न्हावी वस्तरा थांबवून काहीतरी म्हणाला, आधी हात वर. दोन शाळकरी मुली खिदळत गेल्या, हाताआड. एक तान्हं पोर आईच्या कडेवर बसून बोबडं काही बोललं, आणि त्याचाही चिमुकला पंजा तोंडावर!

भोंगाताईचे डोळे विस्फारले. अख्खी वस्ती तोंडझाक्यांची! एका घराचं पाप असतं तर समजण्यासारखं होतं. एवढ्या माणसांनी मिळून दडवलंय तरी काय? तिच्या मनात बँकेच्या दरोड्यापासून गाडलेल्या प्रेतापर्यंत सगळं येऊन गेलं, पण त्या तान्ह्या पोराचा दरोड्यात काय वाटा असावा ते काही तिला जुळवता येईना.

शेवटी ती उठली आणि बाजूच्या म्हाताऱ्या गृहस्थांना तिने आपल्या नेहमीच्या पट्टीत, तोंड चांगलं उघडून विचारलं, "अहो काका, ते चष्म्याच्या दुकानात असतात त्यांचं घर..." तेवढ्यात भट्टीकडून एक ट्रक आला, वारा फिरला, आणि घर कुठलं ते विचारायच्या आधीच भोंगाताईच्या घशात पसाभर चुना गेला.

घसा पेटला. डोळ्यांतून धारा लागल्या. ती खोकत सुटली, आणि दोन्ही हात आपोआप तोंडावर गेले. म्हाताऱ्याने तिला दंडाला धरून बसवलं. "नव्या दिसता," तो हाताआडून म्हणाला. "इथे असं उघड्या तोंडाने बोलायचं नसतं, बाई. घसा भाजतो."

तिने मान हलवली. बोलणं शक्यच नव्हतं. आणि बोलता येत नसल्यामुळे तिला विचार करावा लागला, जो ती एरवी बोलून झाल्यावर करत असे.

ही वर्दी मुलाच्या आईपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. ती धावत आली, हिला घरी घेऊन गेली, चुळा भरायला लावल्या, डोळ्यांवर पाणी मारलं. मग दार-खिडक्या लावून दोघी स्वयंपाकघरात बसल्या.

"आता इथे तर धूळ नाही," आवाज फुटल्यावर भोंगाताई म्हणाली. "मग तुमचा हात?"

त्या बाईने आपल्या हाताकडे असं पाहिलं, जणू तो तिच्या नकळत वर गेला होता. "सवय. लहानपणी उघड्या तोंडाने बोललं की आई चापट मारायची. स्वतःच्या घशासाठी आणि समोरच्यावर फुंकर जाऊ नये म्हणून. उघड्या तोंडाने बोलतो, त्याला आमच्याकडे..." ती थांबली.

"बोला की."

"बेमुर्वत म्हणतात."

"अस्सं!"

"आणि तुम्ही तर, ताई, त्या दिवशी माझ्या ओठांकडे वाकून वाकून बघत होतात. मला वाटलं, दातांत काही अडकलंय. घरी आल्यावर आधी आरसा घेतला."

भोंगाताई हसली. तिचं हसणं दोन घरं पलीकडे जातं, ते गेलं. ती बाईही हाताआड हसली. पण मग तिचे डोळे गंभीर झाले.

"दातांत काही सापडलं नाही, तेव्हा मात्र राग आला. म्हणून तर मी त्याच रात्री नाही म्हणाले."

"कशाला नाही?"

"या लग्नाला. मुलाला सांगितलं, बाई उर्मट आहे, त्या घराशी आपलं जमायचं नाही. तुम्हाला ठाऊक नाही? तुमच्या मुलीला ठाऊक आहे. दुसऱ्याच दिवशी इथे आली होती. तुम्ही बसलाय तिथेच बसून सांगत होती, माझी आई तशी नाही, गिरणीत वाढलीय, ती ओठ वाचते. मी म्हटलं, आईला सावरून घ्यायला पोरगी काहीतरीच रचतेय. ओठ वाचते म्हणे!"

समोरची बाई तिच्याकडे बघत राहिली. मग तिने हात खाली आणला. तो मांडीवर ठेवायला तिला जड गेलं, दुसऱ्या हाताने धरून ठेवावा लागला. आणि आवाज न काढता तिने नुसते ओठ हलवले.

"घेईन," भोंगाताई म्हणाली. "पण साखर कमी."

ती बाई चहाचं आधण ठेवायला उठली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर चांगलंच आश्चर्य होतं. त्या चहावर बऱ्याच गोष्टी बोलून झाल्या, आणि रविवारी पुन्हा भेटायचं ठरलं.

परतीच्या बसमध्ये भोंगाताईला खिडकीची जागा मिळाली, पण बाहेर तिचं लक्ष नव्हतं. ती लेकीचं ते बोलणं पुन्हा पुन्हा आठवत होती. त्यांना तू खूप आवडलीस. पोरगी समोर उभी होती. ओठ मोकळे होते. शब्दन् शब्द बरोबर वाचला होता, आणि शब्दन् शब्द खोटा होता.

लेक घरी कपड्यांच्या घड्या घालत होती. भोंगाताई चप्पल न काढताच तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"त्यांनी आधीच नाही म्हटलं होतं?"

लेकीच्या हातातला शर्ट तसाच राहिला. "तू तिकडे गेली होतीस?"

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगणार होते, आई? तू त्यांना नावं ठेवत होतीस, ठेवू दे. रागावलीस की तू बरी असतेस. पण तुला कुणीतरी उर्मट म्हटलं, घरात नको म्हटलं, हे मी कसं सांगू? तुला लागलं असतं."

म्हणजे दोन्ही घरांनी हिच्या तोंडावर दार लावलं होतं, आणि ही पोरगी इकडे आईचं मन आणि तिकडे आईची बाजू सांभाळत एकटीच मधे उभी होती. भोंगाताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला लेकीचा इतका अभिमान वाटला आणि स्वतःची इतकी लाज वाटली, की तिने पोरीला शर्टासकट छातीशी धरलं.

"माझं चुकलं," ती म्हणाली. तिच्या मानाने हे फारच हळू आवाजात होतं, तरी आतल्या खोलीतून नवरा काय झालं म्हणून बाहेर आला. "रविवारी येतायत ते. दोघंही."

लेकीने डोळे पुसले आणि विचारलं, "मग? तुला त्या आवडल्या का?"

"ते मी आत्ताच सांगणार नाही," भोंगाताई म्हणाली. "तू जन्मल्यापासून माझ्यासमोर आहेस, तरी आज कुठे थोडीशी कळलीस. त्यांना कळून घ्यायला मला जरा वेळ दे."